जुन्या संगणकातले प्रश्न नव्या संगणकात नेताना

संगणकात साठवलेली माहिती एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत न्यायची म्हणजे काय करायचे, असे मी वर्गात विचारतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी "कॉपी करायची, सर" असे उत्तर देतात. उत्तर अगदीच चुकीचे नाही. नावे, पत्ते, रकमा, तारखा यांचे तक्ते एखाद्या दुपारी सहज हलवता येतात. परंतु कोणत्याही चालत्या कार्यालयाच्या संगणकात तक्त्यांखेरीज आणखी एक ठेवा असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे त्या तक्त्यांना वर्षानुवर्षे विचारलेले प्रश्न. मार्चअखेर कोणाकडे किती बाकी राहिली, कोणाला किती लाभांश द्यायचा, कर्जास पात्र कोण, हे प्रश्न कोणीतरी एकदा नीट मांडून, नाव देऊन ठेवलेले असतात. दरवर्षी नुसते नावावर बोट ठेवले की उत्तराची यादी समोर येते. संगणकाच्या भाषेत यांना 'क्वेरी' म्हणतात. माहिती नव्या घरी सहज जाते, पण हे प्रश्न जाता जात नाहीत. असे का होते, ते बुऱ्हाणपूरच्या एका पतपेढीच्या उदाहरणावरून सांगण्याचा येथे विचार आहे.

बुऱ्हाणपूर हे माझे आजोळ. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने रावेर मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि तापीकाठचे हे जुने शहर येते. १६३१ साली मुमताजमहलचे निधन येथेच झाले, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासाच्या पुस्तकामुळे ठाऊक असते. आजचे बुऱ्हाणपूर मात्र यंत्रमागांचे आहे. गल्लीत शिरले की मागांची खडखड कानी पडते, आणि एकाच चौकात हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती अशा चार भाषा ऐकू येतात. तेथे यंत्रमागावर काम करणाऱ्यांची एक लहानशी पतपेढी आहे. माझे मामा तिच्या संचालक मंडळावर होते. "कॉलेजात पोरांना हेच शिकवतोस ना तू? मग सुटीत ये आणि आमचं घोंगडं सोडव," असा त्यांचा निरोप आला आणि मी गेलो.

पतपेढीचा सारा हिशेब १९९९ पासून मायक्रोसॉफ्टच्या 'ॲक्सेस' या प्रणालीत होता. ॲक्सेस १९९२ च्या नोव्हेंबरात बाजारात आली. तिच्यामागचे विचार मात्र त्याहून जुने आहेत. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि तक्त्यांचे परस्परसंबंध गणिती शिस्तीने मांडावेत, हा सिद्धांत आय. बी. एम. मधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये पुढे ठेवली. आज 'एस. क्यू. एल.' म्हणतात ती हीच. त्याच दशकात आय. बी. एम. मधीलच मोशे झ्लूफ यांनी आणखी एक सोपी युक्ती काढली. भाषा न शिकता, पडद्यावरच्या रिकाम्या चौकटींत नमुना भरून प्रश्न विचारायचा. ॲक्सेसने हीच युक्ती उचलली. त्यामुळे संगणकाचे काहीही शिक्षण नसलेला हिशेबनीससुद्धा चौकटी भरून प्रश्न तयार करू लागला. ॲक्सेसच्या लोकप्रियतेचे कारण हे आहे, आणि पुढे जी डोकेदुखी झाली तिचेही कारण हेच आहे.

व्यवस्था बदलणे भाग होते. फाइल १९९७ च्या आवृत्तीतली होती, आणि ॲक्सेसच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्या इतकी जुनी फाइल उघडतच नाहीत. दोघांनी एकाच वेळी काम केले की फाइल अधूनमधून बिघडत असे. तेव्हा 'पोस्टग्रेस' ही व्यवस्था घ्यायचे ठरले. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखाली १९८६ मध्ये तिचे काम सुरू झाले. ती विनामूल्य मिळते आणि एकाच वेळी अनेकांना काम करू देते. पतपेढीला परवडणारे दुसरे काही मला तरी दिसत नव्हते.

तक्ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलले. मग मी साठवलेल्या क्वेऱ्यांची यादी उघडली. यादी लांबलचक होती आणि नावे अशी होती: 'क्वेरी १', 'क्वेरी १ ची नक्कल', 'मार्च', 'मार्च नवीन', 'मार्च नवीन खरा', 'दिवाळी'. ज्यांनी यांतल्या बहुतेक क्वेऱ्या केल्या ते गृहस्थ निवृत्त झाले होते, पण सुदैवाने गावातच होते. पूर्वी सुताच्या पेढीवर असल्यामुळे सारे त्यांना मुनीमजीच म्हणत. त्यांना रोज सकाळी दोन तास येऊन बसण्याची विनंती केली, आणि ते आनंदाने आले. हे स्थलांतर यशस्वी झाले असेल तर त्याचे निम्मे श्रेय त्या दोन तासांना आहे.

पहिला घोळ असा की एक क्वेरी दुसरीच्या उत्तरावर उभी असते, दुसरी तिसरीवर. 'मार्च नवीन खरा' उघडली तर ती थेट तक्त्यांतून काही घेत नव्हती. 'मार्च' आणि 'क्वेरी १ ची नक्कल' यांच्याकडून घेत होती. बुऱ्हाणपूरच्या वाचकाला हे एका शब्दात सांगता येईल: कुंडी भंडारा. जहांगीरच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या अमदानीत सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे शहरापर्यंत आणण्यासाठी भूमिगत बोगदा खणण्यात आला. जमिनीवर दिसतात त्या फक्त शंभराहून अधिक कुंड्या, विहिरीसारख्या. त्यांना जोडणारा बोगदा खाली खोल आहे. वरून पाहणाऱ्याला एक कुंडी निरुपयोगी वाटली आणि त्याने ती बुजवली, तर खालच्या प्रवाहाचे काय होईल ते त्याला वरून कळणार नाही. 'क्वेरी १ ची नक्कल' हे नाव वाचून कोणीही ती पुसून टाकली असती, आणि मग मार्चअखेरची बाकी निघालीच नसती. म्हणून प्रथम कोणती क्वेरी कोणावर अवलंबून आहे याचा नकाशा मोठ्या कागदावर काढला आणि तळापासून वर असे काम सुरू केले. वरून खाली येण्याचा मोह होतो, कारण वरच्या क्वेऱ्याच रोज लागतात. पण तळची पक्की झाल्याशिवाय वरची तपासता येत नाही.

आता एका तारखेची गोष्ट. कर्जास पात्र सभासदांच्या क्वेरीत अट अशी होती की सभासदाचा जिल्हा बुऱ्हाणपूर असावा, किंवा जिल्हा खंडवा असून तो १५ ऑगस्ट २००३ पूर्वी सभासद झालेला असावा. बाहेरच्या एखाद्या कंपनीचा माणूस आला असता तर त्याला ही तारीख स्वातंत्र्यदिनाची म्हणून कोणीतरी सहज घातलेली वाटली असती, आणि खंडव्याची अट निरर्थक म्हणून त्याने कदाचित काढूनही टाकली असती. मी मुनीमजींना विचारले, "ही तारीख कशाची?"

"अरे बाबा, त्या दिवशी आपला जिल्हा झाला ना!" ते म्हणाले. "त्याच्या आधी आपण सगळे खंडव्यातच होतो."

बुऱ्हाणपूर तहसील १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळी होऊन स्वतंत्र जिल्हा झाली. त्यापूर्वी नोंदवलेल्या सर्व सभासदांच्या जिल्ह्याच्या रकान्यात 'खंडवा' होते, आणि ती माणसे शहरातलीच होती. त्या तारखेनंतर 'खंडवा' लिहिणारा मात्र खरोखर दुसऱ्या जिल्ह्यातला. एका ओळीच्या अटीत सगळा प्रशासकीय इतिहास बसला होता, आणि तो लिहून ठेवलेला कुठेच नव्हता. ही अट सोपी केली असती तर पतपेढीच्या सर्वांत जुन्या सभासदांची नावे कर्जाच्या यादीतून गळाली असती. संगणकाने कोणतीही चूक दाखवली नसती, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसती.

तारखांचा आणखी एक पेच आहे. तो भारतीयांना विशेष नडतो. ॲक्सेसच्या चौकटीत तारीख आपल्या पद्धतीने दिसते, आधी दिवस आणि मग महिना. पण तीच क्वेरी एस. क्यू. एल. च्या रूपात उघडली तर तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस, अशी दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली आढळते. म्हणजे तेथे ०४/०३/२००५ दिसले तर ते ३ एप्रिल आहे, ४ मार्च नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. एका वाचनाने पैसे सन २००४-०५ मध्ये पडतात, दुसऱ्याने २००५-०६ मध्ये. गंमत अशी की २५/०३/२००५ असे लिहिले तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस मुकाट्याने दिवस-महिना अदलाबदल करून घेते. त्यामुळे ज्याने पंचवीस तारखेवर प्रयोग करून पाहिला त्याची खात्री पटते की सारे ठीक आहे. नव्या व्यवस्थेत मी प्रत्येक तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली. या क्रमाविषयी जगात कुठे मतभेद नाही.

येथवरच्या अडचणी कोणत्याही देशात आल्या असत्या. आता जी सांगतो ती देवनागरीची आहे.

पतपेढीतील नावे 'कृतिदेव' या टंकात लिहिलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, परंतु ते आपल्या रोजच्या संगणकात उतरायला बराच काळ गेला. मधल्या काळात लोकांनी एक तोड काढली. संगणकात इंग्रजी अक्षरेच साठवायची, फक्त त्यांचे चित्र देवनागरीचे दाखवायचे. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिले की आत साठतात ती जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे. मध्य प्रदेशात कृतिदेव, महाराष्ट्रात श्रीलिपी किंवा सी-डॅकचे 'सुरेख', आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना 'नुडी'च्या जुन्या फायली आठवतीलच. रोग एकच. कागदावर छापायला ही तोड उत्तम होती. माहिती साठवायला मात्र ती अगदी वाईट.

तक्त्यांतली नावे कृतिदेवातून युनिकोडमध्ये आणण्याची साधने आता मिळतात. रकाना-रकाना पाहून ती चालवावी लागतात, कारण सरसकट चालवली तर मागाचा क्रमांक किंवा बँकेचे संक्षिप्त नाव, जे खरेच इंग्रजीत आहे, त्याचेही देवनागरी कडबोळे होते. पण क्वेऱ्यांचे काय? क्वेरीतही अटी असतात. 'मोहल्ला लालबाग' ही अट एस. क्यू. एल. मध्ये उघडली की तेथे दिसते वाय-के-वाय-सी-के-एक्स. हे 'लालबाग'च आहे, फक्त चित्राचे वस्त्र काढलेले. तक्ते युनिकोडमध्ये गेले आणि क्वेरी तशीच राहिली, तर लालबागेत एकही सभासद राहत नाही असे उत्तर येईल. त्यामुळे क्वेऱ्यांच्या पोटातला प्रत्येक शब्द वेचून बदलावा लागला.

त्यात काही विलक्षण गोष्टी आढळल्या. नावाच्या आरंभावरून शोध घेणाऱ्या क्वेऱ्या एकाच पद्धतीने लिहिलेल्या होत्या: अक्षरे द्यायची आणि पुढे तारकाचिन्ह. तारका म्हणजे 'यापुढे काहीही चालेल'. फक्त 'ख' पासून सुरू होणाऱ्या नावांसाठी वेगळीच, आडवळणाची क्वेरी होती. तिच्यात पहिली दोन अक्षरे कापून काढून तुलना केली होती. का? कृतिदेवमध्ये 'ख' हे अक्षर चौकोनी कंसाचे उघडे चिन्ह आणि के मिळून होते. ॲक्सेसच्या शोधात उघड्या चौकोनी कंसाला स्वतंत्र अर्थ आहे. तो आला की संगणक बंद कंसाची वाट पाहतो, आणि तो न मिळाल्याने नमुना चुकीचा असल्याचे सांगतो. खान आडनावाचे सभासद पुष्कळ, आणि ते शोधताच येत नव्हते. मुनीमजींना कंसाचे कारण ठाऊक नव्हते, पण त्यांनी अडचणीतून वाट काढली होती. 'रु' ची तऱ्हा आणखी वाईट. कृतिदेवचा 'रु' म्हणजे हॅश चिन्ह, आणि ॲक्सेसच्या शोधात हॅशचा अर्थ 'कोणताही एक अंक'. म्हणून रुस्तम किंवा रुक्मिणी शोधायला गेले तर यादी रिकामी येई, चुकीची सूचनासुद्धा मिळत नसे. पोस्टग्रेसमध्ये तारकेच्या जागी टक्क्याचे चिन्ह वापरतात. एकदा युनिकोड आले की कंसाचा आणि हॅशचा त्रासही उरत नाही. 'ख' ची ती आडवळणाची क्वेरी नव्या व्यवस्थेत नेलीच नाही.

परंतु ज्या गोष्टीने मला खरी काळजी लावली ती वेगळी होती. ॲक्सेस इंग्रजी अक्षर मोठे की लहान, हा भेद तुलनेत मानत नाही. पोस्टग्रेस मानते. इंग्रजी नावांसाठी ही किरकोळ बाब आहे. कृतिदेवमध्ये मात्र लहान यू म्हणजे 'न' आणि मोठा यू म्हणजे अर्धा 'न्'. बुऱ्हाणपूरच्या विणकरांत अन्सारी हे आडनाव फार. कोणी 'अन्सारी' टंकले, कोणी घाईत 'अनसारी'. आतल्या अक्षरांत फरक फक्त मोठ्या-लहान यू चा, म्हणून ॲक्सेसला दोन्ही एकच वाटत. ठेवींची वही आणि कर्जाची वही यांचे सभासद क्रमांक सुरुवातीला वेगवेगळे दिले गेले होते, त्यामुळे एक क्वेरी नाव आणि वडिलांचे नाव यांवरून दोन्हींची सांगड घालत असे. जुन्या व्यवस्थेत ती सांगड अज्ञानाने का होईना बरोबर जमत होती. नव्या व्यवस्थेत शुद्ध युनिकोड आल्यावर अन्सारी आणि अनसारी हे दोन वेगळे गृहस्थ झाले. एकाकडे नुसती ठेव, दुसऱ्याकडे नुसते कर्ज. ठेवीच्या तारणावर ज्याला सवलत मिळत होती, तो कागदावर एका रात्रीत थकबाकीदार ठरला असता.

येथे क्वेरी बदलून भागणार नव्हते. मुनीमजी आणि मी अशा जोड्यांची यादी काढली. त्यांनी एकेक नाव वाचून "हा एकच माणूस", "हे दोघे चुलत भाऊ" असे सांगितले, शंका असेल तेथे पासबुक मागवले, आणि मग सर्वांना एकच क्रमांक दिला. यंत्राला हा निर्णय घेता आला नसता. माझ्यासारख्या पाहुण्यालाही आला नसता.

अकारविल्हेचाही एक छोटासा विनोद झाला. कृतिदेवची यादी आतल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते. ऱ्हस्व इकार त्यात अक्षराच्या आधी लिहिला जातो आणि तो एफ असतो, म्हणून 'किशोर' हा 'कमल'च्या शेजारी न येता एफच्या गटात जाऊन बसे. मुनीमजींना इतक्या वर्षांत हा उलटासुलटा क्रम पाठ झाला होता. नवी यादी अ, आ, इ अशी शहाण्यासारखी लागली तेव्हा पहिले दोन दिवस त्यांना एकही नाव सापडेना.

आता पैशाकडे वळू. लाभांशाची क्वेरी दिसायला अगदी साधी होती: भागभांडवलाचे नऊ टक्के काढायचे आणि जवळच्या रुपयात बसवायचे. एक भाग ५० रुपयांचा. पाच भाग असलेल्याचे भांडवल २५० रुपये, नऊ टक्के म्हणजे २२ रुपये ५० पैसे. पतपेढीचा नियम असा की पन्नास पैसे वा अधिक असतील तर पुढचा रुपया. म्हणजे २३ रुपये. जुनी व्यवस्था देत होती २२.

कारण असे. ॲक्सेसमधले पूर्णांकात बसवण्याचे फंक्शन बरोबर अर्धा आला तर नेहमी वर जात नाही, जवळच्या सम संख्येकडे जाते. साडेबाविसाचे बावीस होतात, साडेएकतिसाचे बत्तीस. मोठ्या बेरजांत वर-खाली होणारा फरक आपोआप फिटावा म्हणून हिशेबतज्ज्ञांनी ही रीत काढली, आणि तिच्यात गैर काही नाही. पोस्टग्रेस मात्र रक्कम दशांश प्रकारात ठेवली असेल तर अर्ध्याला वरच नेते. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १, ५, ९ किंवा १३ भाग असणाऱ्यांना जुन्या व्यवस्थेत नियमापेक्षा एक रुपया कमी मिळत होता. ३, ७ किंवा ११ भाग असणाऱ्यांना बरोबर मिळत होता. मामांना आठवले की पाच भागांच्या एका विणकराने एकदा बोटांवर हिशेब करून विचारले होते, माझा रुपया कुठे गेला? त्याला उत्तर मिळाले, "कॉम्प्युटरने काढलंय."

याच गणितात आणखी एक सापळा आहे. भांडवल आणि टक्के हे दोन्ही आकडे पूर्णांक म्हणून ठेवले, तर पोस्टग्रेस पूर्णांकाला पूर्णांकाने भागून अपूर्णांक टाकून देते. ३५० चे नऊ टक्के साडेएकतीस न येता ३१ येतात. ॲक्सेस असे करत नाही. क्वेरी शब्दशः उतरवली की ती चालते, उत्तरही देते, आणि ते उत्तर चुकीचे असते.

मग प्रश्न पडला की नव्या व्यवस्थेने काय द्यावे, २२ की २३? माझ्याबरोबरचा तरुण मदतनीस म्हणाला, "नियमाप्रमाणे २३ करून टाकू." मी तसे करू दिले नाही. स्थलांतर आणि दुरुस्ती ही दोन कामे एका वेळी केली तर नंतर फरक कशामुळे पडला ते कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी नव्या व्यवस्थेतही जाणूनबुजून २२ च आणले. दोन्हीकडचे आकडे ओळ न् ओळ जुळले, याद्यांवर सह्या झाल्या, आणि मग तो रुपया संचालक मंडळापुढे ठेवला.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. 'होय' या उत्तराची किंमत ॲक्सेसमध्ये उणे एक धरतात. त्यामुळे हजर सभासद मोजणारी क्वेरी बेरीज करून पुढे उणे चिन्ह लावत होती. पोस्टग्रेस होय-नाहीची बेरीजच करू देत नाही. रिकामा रकाना दुसऱ्या शब्दाला जोडला तर ॲक्सेस तो निव्वळ कोरा मानते. पोस्टग्रेसमध्ये जोडणीच्या नेहमीच्या चिन्हाने सगळा जोडच रिकामा होतो, आणि वडिलांचे नाव न लिहिलेल्या सभासदाचे स्वतःचे नावही पावतीवरून नाहीसे होते. क्रम सांगितला नाही तर पोस्टग्रेस ओळी कोणत्याही क्रमाने देऊ शकते. 'तारीख द्या' अशी चौकट दाखवणाऱ्या क्वेऱ्या तर सगळ्या नव्याने बांधाव्या लागल्या, कारण पोस्टग्रेस वापरणाऱ्याशी स्वतः बोलत नाही. त्यासाठी वेगळा पडदा लागतो.

तपासणीची रीत सोपी पण कंटाळवाणी आहे. एका रविवारी पतपेढी बंद असताना माहिती गोठवली. तीच माहिती दोन्हीकडे ठेवून प्रत्येक क्वेरी दोन्हीकडे चालवली. आधी ओळींची संख्या, मग रकमांची बेरीज, मग ओळीगणिक तुलना. बेरीज जुळली म्हणून थांबणे धोक्याचे असते. एकाचा रुपया वाढला आणि दुसऱ्याचा घटला तरी बेरीज जुळतेच. जेथे फरक निघाला तेथे तो आमच्या भाषांतराचा आहे, जुन्या क्वेरीचा आहे, की मुळात कार्यालयाने त्याविषयी काही ठरवलेलेच नव्हते, हे शोधले. शेवटच्या प्रकारचे फरक मला वाटले होते त्याहून बरेच जास्त निघाले. प्रत्येक क्वेरीच्या शेजारी ती काय विचारते आणि का, हे दोन-तीन वाक्यांत मराठी आणि हिंदीत लिहून ठेवले. मुनीमजी सांगत आणि मी लिहून घेई. 'दिवाळी' ही क्वेरी मिठाईचे पुडे कोणाकोणाला पाठवायचे त्याची निघाली. ती न्यावी की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी नेली.

संचालक मंडळाने पन्नास पैशांचा नियम ठराव करून शब्दांत लिहिला आणि त्या वर्षापासूनचा लाभांश तसा काढायचे ठरवले. मागच्या वर्षांच्या फरकाचे काय, यावर मतभेद झाले. रक्कम क्षुल्लक आहे, सोडून द्या, असे काहींचे म्हणणे होते. मामांनी त्या विणकराची गोष्ट सांगितली. भागांच्या जुन्या नोंदी तक्त्यांत शाबूत होत्याच. प्रत्येक ३१ मार्चला कोणाचे किती भाग होते ते काढून, ज्याचा जेवढा फरक तेवढा त्याच्या खात्यात जमा करावा असे ठरले. नव्या व्यवस्थेत जुन्यातून न आणता नव्याने लिहिलेली पहिली क्वेरी ती होती.

जुना संगणक विकला नाही. जुनी फाइल केवळ वाचता येईल अशी करून, तिच्या दोन प्रती काढून, तो त्याच्या ॲक्सेससह पतपेढीच्या आतल्या खोलीत झाकून ठेवला आहे. लेखापरीक्षकाने मागच्या वर्षीचे काही विचारले तर तो सुरू करतात. महिन्यातून एकदा मुनीमजी तो चालू होतो की नाही ते पाहून येतात.